पेटी हाय का तितं?

बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग ख्यालीखुशाली विचारावी, ही सगळ्या जगाची रीत. आमच्या घरात पाणी आई द्यायची, आणि तांब्या तोंडाला लागायच्या आत तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्रश्न यायचा, "पेटी हाय का तितं?" कुणी लग्नाला जाऊन आलेलं असो, कुणी म्हैस बघायला चार गावं पालथी घालून आलेलं असो, प्रश्न ठरलेला. पेटी म्हणजे टपालाची लाल पेटी. आहे म्हटलं की तात्या डोळे मिटून एकदाच मान हलवायचे. नाही म्हटलं की निकाल द्यायचे, "मंग त्ये गाव न्हाय. वस्ती हाय." या निकालावर अपील नव्हतं. माझ्या आत्याच्या सासरी पेटी नव्हती. सासर किती मोठं, किती बागायती, हे ती दिवाळीला आली की भरभरून सांगायची. तात्या सगळं ऐकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "वस्ती बरी हाय तुमची." आत्या तणतणत उठून चुलीपाशी जाऊन बसायची.

तात्या टपाल वाटायचे. खाकी सदरा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि घंटी नसलेली सायकल. घंटीचं काम ते तोंडानंच करायचे, "टपाऽऽल!" त्यांचे वडील मेंढरांमागं हिंडलेले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर बांधून कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत देशावर यायचं. तात्यांचं लहानपण त्याच घोड्याच्या पाठीवर, कोंबड्या आणि कोकरांच्या शेजारी गेलं. "माज्या बापाला जल्मात एक पत्र आलं न्हाय," ते सांगायचे. "कुणी लिवलं असतं तरी घालणार कुठं? मेंढराच्या शेपटीला?" पुढे मेंढरं गेली, भीमेच्या काठी एका गावात थोडी जमीन झाली, तात्या शाळेत बसले आणि टपालाच्या नोकरीला लागले. गावाला पहिली टपालपेटी मिळाली तेव्हा ती चावडीच्या भिंतीला तात्यांनी आपल्या हातानं ठोकली. हिंडणाऱ्याच्या पोराला गाव मिळालं, त्याचा पुरावा म्हणजे ती पेटी. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, बापाला एक खूळ आहे.

ते गाव मी पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल. मी अंगावर पीत होते तेव्हाच उजनी धरणाचं पाणी आलं आणि गाव त्यात गेलं. आम्हाला डाळजच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला नवं गावठाण मिळालं. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, पत्र्याची घरं. वाऱ्यानं पत्रा वाजायचा, रस्त्यावरून मालट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि या सगळ्यात आईच्या भाकरीची थापथाप एका लयीत चालू असायची. तव्यावरून भाकरी उतरली की आई ती चुलीच्या तोंडाशी उभी करायची, आणि तिचा पापुद्रा फुगताना बघायला आम्ही भावंडं उकिडवी बसायचो. हुलग्याची शेंगुळी, लसणाचं तिखट, ताकातली माठाची भाजी. पाणलोटात चिलापी मुबलक, भिगवणचे लोक ती आवडीनं खायचे, पण तात्या आमच्या घरात मासळी येऊ देत नसत. माळकरी नव्हते, मटण खायचे. पण चिलापीला नाही. "आपल्या घरात ऱ्हातीया ती," म्हणायचे. "भाडेकरू खायचं असत्यात व्हय?"

कॉलेजसाठी मला बारामतीला सदामामाकडे ठेवलं. मामाचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा, त्याच्या पुढे एक गुबगुबीत खुर्ची, आणि त्याच्याही मागे डार्करूम, जिथून येणाऱ्या औषधांच्या आंबूस वासानं मामाच्या सदऱ्यापासून मामीच्या लोणच्यापर्यंत सगळ्याला आपला शिक्का मारला होता. मामाचं खरं नाव होतं ते टचिंगसाठी. बारीक कुंचला घेऊन तो बसला की देवीचे व्रण जायचे, टकलावर केस उगवायचे. नवराबायकोचा एकत्र फोटो नसेल तर दोघांचे वेगवेगळे फोटो घेऊन तो त्यांना बगीच्यात शेजारी बसवायचा. आणि आमच्याकडे पूर्वी पुष्कळ माणसं जिवंतपणी फोटो न काढताच जायची. मग मामाला बोलावणं यायचं. गेलेल्या माणसाला भिंतीशी टेकवून बसवायचे, मामा फोटो काढायचा, आणि घरी आणून कुंचल्यानं त्याचे डोळे उघडायचा. असे उघड्या डोळ्यांचे कितीतरी आजे आणि आज्या बारामती-इंदापूरच्या घराघरांत अजून हार घालून बसले आहेत. त्यांच्या नातवंडांना ते डोळे माझ्या मामाचे आहेत हे ठाऊकही नाही. रंगीत फोटो आले आणि मामाचा कुंचला सुकायला लागला. आता कुणी टचिंग मागत नसे. तो काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कात्रीनं कापायचा आणि उसासे टाकायचा.

मामाचा एक जुना कॅमेरा कपाटात पडून होता, काळ्या-पांढऱ्या रोलांचा शिल्लक साठाही होता. मी मागे लागून दोन्ही मिळवलं. पहिला फोटो कशाचा काढावा, हा प्रश्न मला पडलाच नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर काटेवाडीला तिच्या घरी गेले होते. तिथं डेअरीच्या भिंतीला टपालपेटी होती, खाली दुधाचे कॅन ओळीनं ठेवलेले. मला आपोआप तात्यांचा आवाज ऐकू आला आणि मी बटण दाबलं. सुट्टीत घरी गेले, तात्यांनी विचारलं, "पेटी हाय का तितं?" मी फोटो पुढे केला. तात्यांनी तो उजेडाकडे धरला, लांब धरला, जवळ धरला. मग आईला हाक मारली, "अगं, बघ. पोरीनं पेटीच आणली." आणि मला म्हणाले, "ह्ये ब्येस केलं, आलके. तोंडानं खोटं बोलता येतं, फोटूत खोटं येत न्हाय."

झालं, मला नाद लागला. मोरगावला एसटीतून उतरले की लोक गणपतीला जायचे, मी पोस्टाला. तिथल्या पेटीला एक शेळी अंग घासत उभी होती, आणि फोटो निघेपर्यंत ती हलली नाही. एका गावात पेटीच्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, म्हणून लोक पत्रं थेट पोस्टमास्तरच्या बायकोकडे द्यायचे. इंदापूरच्या बाजूला एका पोस्टाचे मास्तर फोटो म्हटल्यावर आत जाऊन टोपी घालून आले आणि पेटीच्या पुढेच असे उभे राहिले की पेटी दिसेचना. पेट्यांच्या जोडीनं मग मी काहीबाही टिपायला लागले. पाणपोईचे लाल फडक्यातले रांजण, एसटी स्टँडवरचा बंद पडलेला वजनकाटा, अंतर पुसून गेलेला मैलाचा दगड. हातात कॅमेरा घेऊन एकटी पोरगी हिंडते म्हटल्यावर प्रश्न यायचेच, "कुणाची गं तू? पेपरवाली हायस का?" मी तात्यांचं नाव सांगितलं की निम्म्या गावांत कुणीतरी ओळखीचं निघायचं आणि गूळ-शेंगदाणे हातावर पडायचे. आज माझी मुलगी फोनमध्ये जेवणाच्या ताटाचे फोटो काढते तेव्हा मी तिला काही बोलत नाही. ज्याचं त्याचं खूळ.

दर सुट्टीला मी फोटो घेऊन जायची आणि तात्या प्रत्येक फोटोला तोच प्रश्न विचारायचे. फोटोत पेटी डोळ्यांपुढे असायची, तरी विचारायचे. "हाय का?" मी म्हणायची, "हाय." मग डोळे मिटून मान. तो आमचा खेळ होता. बाकी आम्ही बापलेक फारसं बोलत नसू.

एका हिवाळ्यात तात्या टपाल वाटता वाटता एका उसाच्या बांधाला सायकल टेकवून बसले आणि त्यांना उठताच येईना. उसाच्या मोळ्या भरणाऱ्यांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखाना झाला, औषधं झाली, मालिश झालं, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तसुद्धा चोळून झालं. डॉक्टर म्हणाले, जेवढं यायचं तेवढं आलंय, आता जपा. ज्या माणसाची आरोळी तीन शेतं ओलांडून जायची त्याच्या तोंडून नुसता एक घोगरा आवाज निघायचा, आणि तो ऐकून त्यांना स्वतःलाच इतकी लाज वाटायची की ते तोंड भिंतीकडे करायचे. आई भाकरी दुधात कुस्करून भरवायची आणि बोलत राहायची, जणू ते उत्तर देत आहेत. दादा, माझा थोरला भाऊ, बापाला उचलून संडासला नेताना ओठ चावायचा. मी शनिवार-रविवार घरी यायची. मला काहीच करता येत नव्हतं. म्हणून मी फोटो काढून त्यांच्या अंथरुणावर मांडायची. तात्या डावा हात वर करायचे आणि हवेत किल्ली फिरवल्यासारखी बोटं वळवायचे. पेटी उघडायची खूण. म्हणजे, हाय का? मी म्हणायची, "हाय." मान हलायची. आमचा खेळ तेवढा वाचला होता.

उन्हाळा कडक आला. पाणलोट आटत गेला आणि मे महिन्यात बातमी आली की जुनं गाव उघडं पडलंय. लोक नारळ घेऊन जायला लागले, जुन्या देवळापुढे फोडायला. संध्याकाळी ओट्यावर त्याच गप्पा. कुणाचा उंबरा सापडला, कुणाचं जातं गाळात दिसलं. शेजारचे बाबूआबा, तात्यांचे जुन्या गावापासूनचे सोबती, अंथरुणाशी बसून सांगत होते, "चावडीचा चौथरा जसाच्या तसा हाय, तात्या. त्येवर बसून तंबाकू खाल्ली म्या." तात्यांनी त्यांचं मनगट धरलं ते सोडेनात. मग दादाकडे बघून, दाराकडे बघून, पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायला लागले. मला न्या. एवढं कुणालाही कळलं असतं. पण नेणार कसं? शेवटचा सगळा भाग गाळाचा होता. वरून सुकलेला, खाली लोण्यासारखा. धडधाकट माणसं मांडीपर्यंत रुतत होती. डॉक्टरांनी हादरे बसू देऊ नका म्हणून बजावलेलं. दादा त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाला, "न्हाय जमत, तात्या. आलका जाऊन येईल. फोटू आणंल." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली ठेवला.

मी आणि दादा गेलो. जिथं आपण जन्मलो ते गाव पहिल्यांदा बघायला जातोय, म्हणून मी चांगला ड्रेस घातला होता, याचं आता हसू येतं. तिथं भेगाळलेला चिखल होता, शिंपल्यांचा खच होता, आणि मध्येच चौकोनी दगडी ओळी. घरं. दादा तेव्हा शाळकरी पोर होता, त्याला आठवत होतं, पण तोही दोनदा चुकला. आमच्या घराच्या जागी कुणी मच्छीमारानं जाळं वाळत घातलं होतं. चावडीचा चौथरा मात्र सापडला, त्यावर भिंतीचा एक तुकडा उभा होता, माणसाच्या छातीएवढा. दादा त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हितं." मी फोटो काढला. दुसरं काही काढण्यासारखं नव्हतंच.

बारामतीला रोल धुतला, फोटो निघाला. मामानं चिमट्यानं तो औषधातून उचलला, दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "हे दाखवणार तू दाजींना? चिखल?" मलाही तेच वाटत होतं. ज्या गावासाठी माणूस हात वर करकरून मागतो आहे, त्या गावाचा एक भिंतीचा तुकडा. मग मामा म्हणाला, "थांब जरा." काउंटरखालून त्यानं रंगांची जुनी डबी काढली. काटेवाडीचा फोटो समोर ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याचे डोळे लकाकलेले मी पाहिले. दुपारभर तो वाकून बसला होता. संध्याकाळी मामी चहा घेऊन आली तेव्हा त्या काळ्या-पांढऱ्या चिखलात, त्या भिंतीच्या तुकड्यावर, एवढीशी लाल पेटी लटकत होती. तिची सावलीसुद्धा बरोबर पडली होती. मामी म्हणाली, "अगंबाई!" आणि मी खरंच टाळ्या वाजवल्या. मामानं मेलेल्यांचे डोळे उघडून घराघरांत समाधान वाटलं होतं. गावाचा डोळा उघडला तर काय बिघडणार होतं?

तात्यांनी फोटो डाव्या हातात घेतला. आधी चौथरा ओळखला, त्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांना पेटी दिसली. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. आई पिठाच्या हातानं धावत आली. तात्या हसत होते, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी वाहत. त्यांनी फोटो आईपुढे नाचवला, किल्ली फिरवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. दादासुद्धा हसला. फक्त आई हसली नाही. तिनं फोटो नीट पाहिला आणि मला चुलीकडे ओढून नेऊन विचारलं, "ही पेटी कुणी लावली?" म्हटलं, मामानं रंगवलीय. आईनं कपाळावर हात मारला, पीठ तसंच कपाळाला लागलं. "अगं, ती ह्येंनीच काढली व्हती," ती म्हणाली. "गाव उठलं तवा. समद्या गाड्या म्होरं गेल्या, ह्ये मागं ऱ्हाऊन पेटी काढत बसलं. सायकलीवर बांधून इंदापूरला सरकारजमा करून आलं आन् त्या दिशी जेवलं न्हाईत. आता ती परत लागल्याली बघून ह्येंना काय वाटंल, सांग की?"

काय वाटेल हे मला त्या क्षणी कळलं. पेटी असते तिथं गाव असतं. आणि फोटोत खोटं येत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी ट्रंकेकडे बोट दाखवलं आणि खाकी सदरा काढायला लावला. आईनं घातला. पिशवी मागितली, दिली. मग दादाला खूण केली, आणि दादानं उचलून त्यांना ओट्यावर बसवलं. तिथं ते रस्त्याकडे तोंड करून बसले. कामावर निघालेला माणूस बसतो तसे, ताठ, जेवढं ताठ बसता येईल तेवढं. कुणाचाही ट्रॅक्टर गेला की, जुन्या गावाला न्या म्हणून हात करायचे. दुपार झाली तरी आत येईनात, जेवेनात. बाबूआबांनी युक्ती केली, "तात्या, आज टपालाला सुट्टी हाय." ती रविवारी चालली. सोमवारी तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आबा तंबाखूचा बटवा चाचपत घरी गेले. एका बाईनं मायेपोटी विचारलं, "आमचं काय आलंय का, तात्या?" तात्यांनी पिशवीत हात घातला, पिशवी रिकामी. ते इतके कासावीस झाले की दादानं घरातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करून पिशवीत भरल्या.

मी त्यांना खरं सांगितलं. सांगितलंच नाही असं कुणी समजू नये. पेटी नसलेला साधा फोटो मामाकडून पुन्हा काढून आणला, दोन्ही शेजारी ठेवले, म्हटलं, "तात्या, ही रंगवल्याली हाय. मामानं. खरं ह्ये हाय." त्यांनी दोन्ही पाहिले. मग लहान पोराच्या थापेला हसावं तसे हसले, साधा फोटो पालथा घातला आणि रंगवलेला सदऱ्याच्या खिशात ठेवला. रडून सांगितलं, रागानं सांगितलं. मी रागावले तर ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. माझी मुलगी डॉक्टर आहे, ती म्हणते मेंदूच्या त्या आजारात माणसाचं असं होतं. असेल. पण त्यांना दिवस कळत होते, माणसं कळत होती, पिशवी रिकामी आहे हे कळत होतं. फक्त गाव नाही, हे तेवढं त्यांना घ्यायचं नव्हतं, आणि ते घ्यायला लावणं आमच्या हातात नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. नेलं तर चिखल दाखवायचा, नाही नेलं तर माणूस ओट्यावर उपाशी. आई रात्री मला म्हणाली, "तुजा मामा गुणी हाय गं. पर त्येचा हात मोडला असता त्या दिशी, तर बरं झालं असतं." आणि लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं, कारण भाऊ होता तिचा.

मग पाणी आलं. आमच्याकडे थेंब नव्हता, आभाळ कोरडं ठणठणीत. पाऊस पुण्याच्या डोंगरांत झाला आणि भीमा फुगून आली. पाणलोट असाच भरतो, दुसऱ्याच्या पावसानं. बाबूआबा सांगत आले की चौथरा बुडाला, देवळाचा कळस तेवढा राहिलाय. दादा त्या रात्री जेवताना म्हणाला, "आता न्हेऊ त्यास्नी. पाणी डोळ्यांनी बघितलं म्हंजी कळंल. रस्ता पाण्यापातूर हाय, गाळात जायाची गरज न्हाय." कळलं तर काय होईल, हा विचार आम्ही तिघांनीही केला होता आणि तो कुणीच तोंडातून काढला नाही.

सकाळी दादानं ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर गादी टाकली. तात्यांना खाकी सदऱ्यात बसवलं, एका बाजूला आई, एका बाजूला मी. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा तात्यांचा चेहरा असा फुलला की मला त्याच्याकडे बघवेना. रस्त्यावर जो भेटेल त्याला ते पिशवी उंचावून दाखवत होते. दादा हळू चालवत होता, खड्डा आला की थांबत होता. हमरस्ता सुटला, ऊस संपला, बाभळी लागल्या आणि बाभळींच्या पलीकडे एकदम पाणी. रस्ता सरळ त्यात उतरत होता. दादानं पुढची चाकं पाण्याला लागतील एवढं नेऊन ट्रॅक्टर बंद केला. एवढं शांत झालं की कडब्याची सळसळ ऐकू येत होती. लांब देवळाचा कळस होता, त्यावर एक बगळा. बाकी सगळीकडे पाणी, सकाळच्या उन्हात चकाकत.

"पाणी आलं, तात्या," दादा खाली उतरून म्हणाला. "गाव न्हाय आता. बघा तुमीच."

तात्या बघत होते. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. कळसापासून डाव्या हाताला त्यांची नजर मोजत गेली आणि एका जागी थांबली. चावडी तिथंच असणार. हातातली पिशवी गादीवर पडली, पत्रिका कडब्यात सांडल्या, त्यांनी त्या उचलल्या नाहीत. आईनं पदर तोंडात धरला. मला वाटलं आता ते ओरडतील, किंवा रडतील, आणि खरं सांगते, रडले असते तर आम्ही सगळे सुटलो असतो.

त्यांनी खिशातून फोटो काढला. तो पाण्याच्या समोर धरून पाहिला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दादाकडे नाही, आईकडे नाही. त्या गावात उभी राहून आलेली, फोटो काढून आणलेली त्यांची पोरगी मी होते. डावा हात वर उचलला आणि बोटांनी हवेत किल्ली फिरवली.

दादा माझ्याकडे बघत होता. आई बघत होती. खरं सांगायलाच तर आम्ही त्यांना तिथवर आणलं होतं.

"हाय," मी म्हणाले. "पेटी हाय, तात्या."

त्यांनी डोळे मिटले, एकदाच मान हलवली, आणि दादाला खुणेनं सांगितलं, ट्रॅक्टर वळव.